डाव्या हाताची सही

रस्टी,

बाबांनी जपलेला, टॉलिव्हर या खेळाडूच्या सहीचा बेसबॉलचा चेंडू सह्या तपासणाऱ्या कंपनीने परत पाठवला, शेरा मारून: "टॉलिव्हरची सही खोटी." तू हसलास. "वेंडेल, आपला म्हातारा जन्मभर थापा मारत होता रे." तेव्हा मी तुझा जबडा फोडला.

बाबांनी सही घेतली त्या सामन्यात टॉलिव्हरने एकाच्या तोंडावर ठोसे हाणून उजव्या हाताची बोटं मोडून घेतली होती. म्हणून त्याने बाबांना डाव्या हाताने सही दिली. चेंडूच्या शिवणीत रक्त अजून आहे. कंपनीकडचे नमुने सगळे उजव्या हाताचे. हे मी सांगणारच होतो, पण हात आधी सुटला.

तुझ्या दातांनी माझीही बोटं मोडली. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. डाव्याने कसंबसं लिहिलंय: चुकलो. पण पाठवत नाही. तू म्हणशील, हे अक्षर वेंडेलचं नव्हेच.

तुझा भाऊ, खराच,
वेंडेल