काचघरावरचा दावा

प्रिय लव्हॉनताई,

अनेक नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? टूसानच्या कोरड्या हवेत दमा तरी बरा असेल. इथे ओहायोत सकाळपासून नदीवर धुकं आहे आणि पलीकडचा काठ आहे की नाही, हे कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. मी सुखरूप आहे. माझ्यावर दावा झाला होता, तो परवा उडाला, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

माझी बायको डोरीन आपल्याला सोडून गेली त्या हिवाळ्यात मी परसात काचघर बांधून घेतलं आणि आत संत्र्याची चार झाडं लावली. (शाळेची बस चालवणाऱ्या माणसानं असं करावं का, हे मला कुणी विचारलं नाही, क्रेडिट कार्ड तर असलं काही विचारतच नाही.) बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत मोहोराचा वास. खुर्चीत टेकलं की काचेवर वाफ धरायची, शेजारपाजार विरघळून जायचा आणि डोरीन आत्ता कॉफी घेऊन येईल असं वाटायचं. त्या वाटण्यात कार्डाचे हप्ते राहून गेले. सहा हजार चारशे डॉलर थकले. बँकेनं कंटाळून ते देणं कुठल्याशा वसुली कंपनीला विकलं आणि कंपनीनं मला कोर्टात खेचलं. हरलो असतो तर पगाराचा चौथा हिस्सा परस्पर कापला गेला असता.

मी अकरा पानी उत्तर लिहिलं. त्यातली नऊ पानं मोहोरावर होती. शेजारच्या नेवाबाईंनी (तीस वर्षं कोर्टात कारकून होत्या) ते वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, "व्हर्लिन, हे उत्तर आहे की प्रेमपत्र? दोन ओळी लिहा: ‘ह्या कंपनीला मी ओळखत नाही. कागद दाखवा.’"

तारखेला कोर्टाच्या उंच खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की माझं नाव दोनदा पुकारलं तरी मी तिथेच. सोबत आलेल्या नेवाबाईंचं कोपर बसलं तेव्हा उठलो. कंपनीची वकील म्हणजे सर्दीनं बेजार झालेली एक पोरगी, काखेत चाळीस फायली. आधी बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली होती, "काका, अर्ध्यावर मिटवून टाकू या ना." मी पेन उघडलंही होतं, नेवाबाईंनी ते काढून घेतलं. न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, हे देणं बँकेनं तुम्हाला विकल्याचा कागद कुठे आहे? ती बिचारी शोधतच राहिली. मला राहवेना.

"बाई, काचघर मी घेतलंय, अगदी खरं—"

"तुम्हाला मी काही विचारलं का?"

"नाही."

"मग बसा."

कागद नाही म्हणून दावा फेटाळला. घरी येताना हलकं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

तुझा धाकटा,
व्हर्लिन

ता. क. हे पाकिटात घालायचं राहून गेलं, त्याला तीन आठवडे झाले. दरम्यान कंपनीला कागद सापडला. नवा दावा लागलाय.

पुन्हा ता. क. त्या कार्डावर दुसरं नाव तुझं आहे. आईच्या आजारपणात आपण दोघांनी सही केली होती, आठवतं? तेव्हा या वेळी समन्स तुलाही येईल. घाबरू नकोस, नेवाबाई आहेत. मागची खोली झाडून ठेवलीय, चार दिवस आधीच ये. कोर्टानं बोलावलं की यावंच लागतं. मी नऊ वर्षं नुसताच बोलावत होतो.