फर्दापूरच्या कॅसेटमधला आवाज

पप्पा, तुम्ही इतक्या लग्नांचं शूटिंग केलंत, पण एकाही कॅसेटमध्ये तुमचा आवाज नाही. शहागंजच्या तुमच्या दुकानात पडून राहिलेल्या, कुणी न्यायलाच न आलेल्या कॅसेटी मी सध्या कॉम्प्युटरवर उतरवते आहे. बँड वाजतो, मंगलाष्टकं होतात, कुणाची तरी आत्या कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा करते, आणि तुम्ही गप्प. कारण मला माहीत आहे. लहानपणी एका लग्नात मी तुमच्या शेजारी उभी राहून काहीतरी विचारलं, तेव्हा तुम्ही नुसती मान हलवली आणि घरी आल्यावर म्हणालात, "मशीन चालू असताना बोलायचं नाय. लोकांच्या लग्नात आपला आवाज कशाला?" वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. ते कोणत्या आवाजात म्हणालात, ते आठवत नाही.

म्हणून फर्दापूरची कॅसेट. लेणी बघून आपण तिथे जेवायला थांबलो होतो, तुमचे थोरले भाऊ, म्हणजे काकाही बरोबर होते. समोर मी आणि आई, कॅमेऱ्यामागे तुम्ही दोघं भाऊ. आपलंच शूटिंग असल्यामुळे त्यात तुम्ही भरपूर बोलला आहात, असं आई सांगते. तुम्ही गेल्यावर व्हीसीआर काकांनी बिडकीनला त्यांच्या घरी नेला आणि कॅसेट आईच्या कपाटात राहिली. मी ती जुन्या बाजारातून आणलेल्या व्हीसीआरवर लावली. चित्राच्या तळाला पांढऱ्या रेषांचा पट्टा, मधूनमधून ठिपक्यांचा पाऊस, आणि आवाजात अशी घरघर की कुणीतरी बोलतंय एवढंच कळावं. मी लगेच बंद केली. टेप फिरताना दर वेळी थोडी झिजते. ही आणखी किती वेळा फिरेल, ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं. दिवसभर कंपनीत मी सुटे भाग मोजमापात बसतात की नाही ते तपासते, त्यामुळे हे न मोजता येणं मला जास्तच लागलं.

मी वायर बदलली, टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं. दुसऱ्या दुकानांच्या कॅसेटी त्याच मशीनवर स्वच्छ दिसत होत्या. मग आपल्या कॅसेटचे स्क्रू काढले. आत, झाकणाच्या कडेला आणि रिळांवर, लाल भुकटी होती. खंडेनवमीला तुम्ही कॅमेरा आणि व्हीसीआर मांडून वर एक कॅसेट ठेवायचात. गिऱ्हाइकाच्या कॅसेटला डाग नको, म्हणून नेहमी हीच. तुमच्यानंतरही आई दर वर्षी तिच्यावर हळदकुंकू वाहत राहिली. मी दाखवलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं खराब झाली का गं?" नाही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "थोडी." त्यानंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

रिळं मऊ ब्रशने साफ करून दुसऱ्या डबीत बसवली. ठिपके गेले, पण पट्टा आणि घरघर तशीच. तेव्हा लक्षात आलं, तुमच्या दुकानातल्या सगळ्याच कॅसेटींना तळाशी तोच पट्टा आहे. तुम्ही शेवटची कॉपी ज्या व्हीसीआरवर करायचात, त्याच्या हेडचीच बैठक जराशी तिरकी असणार. तिरकं लिहिलेलं तिरक्याच मशीनला नीट वाचता येईल. ते मशीन बिडकीनला.

काकांनी ते शोकेसमध्ये ठेवलं होतं, वर वाळलेला झेंडूचा हार. चालतं का, विचारलं तर म्हणाले, "पूजेपुरतं हाय ते. लावलं कुणी?" मशीनच्या आतला, चाकं फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. मी तो खरवडून काढला, नवा बसवला, आणि आधी तुमच्याच दुकानातली एका अनोळखी लग्नाची कॅसेट घातली. मशीनने टेप खाल्ली तर निदान आपली नको. काका शेजारी खुर्ची ओढून बसले. कुणाचं लग्न हाय, म्हणाले. माहीत नाही म्हटल्यावर हसले, "मंग बरंय. नवरी बी इचारायला येणार नाय." चित्राच्या तळाचा पांढरा पट्टा नव्हता. नवरी नखशिखांत दिसत होती.

मशीन घरी आणलं. सुटीच्या दुपारी आईला शेजारी बसवून फर्दापूरची कॅसेट लावली. चित्र आलं, मग आवाज. घरघर नाही. दोन पुरुष आळीपाळीने बोलत होते. एक म्हणाला, "पोरीला पापड दे आधी, मग बघंल इकडं." दुसरा हसून म्हणाला, "तिची आई सोडंल तवा." दोघांचं बोलणं एकाच घरचं, एकाच घडणीचं. काकांचा आजचा आवाज दम्याने बसलेला, त्याच्याशी ताडून बघितलं तरी कोणता कुणाचा ते कळेना. मी स्क्रीनकडे बघणं सोडलं आणि आईकडे बघू लागले. पहिला बोलला की ती नुसती बघत होती. दुसरा बोलला की तिचा हात आपोआप पदराकडे जात होता, थोरल्या दिरासमोर जातो तसा.

ते रेकॉर्डिंग आता तीन ठिकाणी जपून ठेवलं आहे, बिघडणार नाही. कॅसेट संपल्यावर आईने विचारलं, "ओळखलास ना आवाज?" पप्पा, मी हो म्हणाले. मी तिचा हात ओळखला होता.