वरच्या मजल्यावर कुणी आहे का?

८ जानेवारी

आजही काही नाही. सकाळी "क... क..." एवढं आलं. मी कप दाखवला, कात्री दाखवली, कंगवा दाखवला, कपाटाचं दार उघडून दाखवलं, शेवटी स्वतःचं कपाळ दाखवलं. तिने वैतागून डोळे मिटून घेतले. काय हवं होतं ते तिला माहीत आणि देवाला माहीत. आणि देव सांगत नाही.

ही वही स्पीचवाल्या बाईंच्या हुकमावरून. बायकोला बोलायला शिकवायला येतात त्या. कोणता आवाज कधी निघाला ते रोज लिहा म्हणाल्या. डोंबल! आवाजच निघत नाही तर लिहू काय? डोक्यात गुठळी झाली तेव्हा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. हात परत आला. पाय परत आला. कळतं तर सगळं, पूर्वीपेक्षा जास्तच कळतं. वाचा तेवढी गेली ती गेलीच. आणि कुणाची जावी? सकाळी डोळा उघडल्यापासून जिची टकळी चालू व्हायची तिची! माझी गेली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

देवाकडे एकच मागणं आहे. एक शब्द. चांगलाच हवा असंही नाही. शिवी चालेल.

१० जानेवारी

मेहुणी आली. ती प्रार्थना मंडळात जाते. मंडळ चालवणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात धीरबाई म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "धीर धरा" पाशी येऊन थांबतं. मेहुणी त्यांचाच निरोप घेऊन आली होती — "भाऊजी, देवाचा उशीर म्हणजे नकार नव्हे."

मी म्हटलं, आमची लिफ्ट दुरुस्तीची कंपनीही हेच म्हणते. मी सांभाळतो त्या इमारतीच्या लिफ्टमधला बोलायचा फोन बंद पडलाय. त्याचा सुटा भाग मागवला त्याला वर्ष होईल. विचारलं की म्हणतात, वाटेत आहे. नकार नाही हं! वाटेत आहे.

"तुम्ही ना, देवालाही मेकॅनिक समजता," मेहुणी म्हणाली. मेकॅनिक असता तर बरं झालं असतं. निदान हजेरी लावावी लागली असती.

१३ जानेवारी

स्पीचवाल्या बाईंनी आज माझीच शाळा घेतली. म्हणे, "तुम्ही त्यांची सारखी परीक्षा घेता. हे काय, ते काय, बोल, म्हण. ते बंद करा. तुम्ही बोला. रोज तासभर. दिवसभरात काय झालं ते नुसतं सांगत बसा."

"काय होणार? लिफ्ट वर गेली, खाली आली."

मेहुणी तिथेच होती. फिदीफिदी हसायला लागली. "भाऊजी आणि तासभर! अहो, घराला आग लागली तर हे चिठ्ठी लिहून ठेवतील." स्पीचवाल्या बाईही हसल्या. बायको मात्र हसली नाही. माझ्याकडे टक लावून बघत होती.

१४ जानेवारी

बोललो. पाच मिनिटं झाली असतील, घाम फुटला. तिसऱ्या मजल्याचं दार घासतंय हे सांगितलं. का घासतंय तेही सांगितलं. मग विषय संपला. मग दोघं भिंतीकडे बघत बसलो.

१५ जानेवारी

दार अजून घासतंय. तेच पुन्हा सांगितलं.

२२ जानेवारी

लोक लिफ्टचं बटण दाबतात आणि दाबतच राहतात. दिवा लागलेला असतो, वर कळलेलं असतं, लिफ्ट निघालेली असते, तरी ठक ठक ठक. मी रोज सांगतो, अहो, दहा वेळा दाबल्याने ती लवकर येत नाही, उलट बटण खराब होतं! ऐकतं कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मी? सकाळी हात जोडतो, कामावर निघताना जोडतो, जेवताना जोडतो, मशीनच्या खोलीत चढताना जोडतो. एकच मागणं. ठक ठक ठक. लाज वाटली थोडी. संध्याकाळी पुन्हा जोडले.

६ फेब्रुवारी

आता जमायला लागलंय. सांगण्यासारखं नसतं असं मला वाटायचं, पण बघायला गेलं तर त्या इमारतीत नुसता तमाशा आहे. चौथ्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आहे. लिफ्टला घाबरतो! चार जिने चढून धापा टाकत येतो आणि खुर्चीतल्या पेशंटला म्हणतो, "घाबरायचं काय त्यात?" मी त्याची धाप करून दाखवली. बायकोच्या तोंडाचा एक कोपरा हलला. उजवा. तोच तर लुळा पडला होता!

आवाज: नाही.

१९ फेब्रुवारी

मुलीचा फोन. तिला सांगितलं, काल दीड तास बोललो. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

पोरीला संसार आहे, नोकरी आहे, रोज फोन करते, सगळं कबूल. पण बापाची थट्टा करायचा गुण आईकडून आलाय.

३ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

धीरबाईंच्या मंडळाने माझ्या लिफ्टच्याच इमारतीत आठव्या मजल्यावर हॉल घेतलाय. आजच्या सभेचा विषय, खाली पाटीच लावली होती — "प्रतीक्षा: देवाच्या वेळेवर विश्वास". धीरबाई दोन शिष्यांना घेऊन लिफ्टमध्ये चढल्या आणि पाचव्या-सहाव्याच्या मध्ये लिफ्ट अडकली.

आमच्या कामाची रीत अशी की अशा वेळी दोन माणसं लागतात. एक दारापाशी उभा राहून आतल्यांशी बोलत राहतो. काहीही बोला, हवापाण्याचं बोला, पण आवाज तुटू द्यायचा नाही, नाहीतर माणसं आत वेडी होतात. दुसरा गच्चीवर मशीनच्या खोलीत जाऊन वीज तोडतो आणि ब्रेक सोडून चाक हाताने फिरवत लिफ्ट इंच इंच खाली आणतो. तर माझा जोडीदार नेमका आज सुट्टीवर. आतला फोन बंद, कारण सुटा भाग वाटेत! मी एकटा. दारापाशी उभं राहून गोड बोलायचं की वर जाऊन चाक फिरवायचं? वर धावलो.

एका हाताने ब्रेकचा दांडा, दुसऱ्याने चाक. घामाने शर्ट ओला. आणि खालून लिफ्टच्या बोगद्यातून धीरबाईंचा आवाज — "कुणी आहे का? वर कुणी आहे की नाही? सगळे मेलेत का? कुणाला काही पडलेली नाही!" मी ओरडलो, "आलो, आलो, आणतोय खाली!" पण त्या स्वतःच एवढ्या ओरडत होत्या की माझं ऐकू जायची सोयच नव्हती. शिष्य रडत होते. एकाने बहुधा "ताई, धीर धरा" म्हटलं असावं, कारण पुढे जे ऐकू आलं ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

दार उघडलं तेव्हा मीच समोर. बाई लालबुंद. "इतका वेळ काय झोपा काढत होतात?" माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. दोन शब्दांचं. पण नोकरी आहे, गिळलं.

घरी आल्यावर बायकोला सगळा प्रयोग करून दाखवला. कपाटात शिरलो, दार लावून घेतलं आणि आतून धीरबाईंसारखा बोंबललो. बाहेर आलो तर ती हसत होती. आवाज करून! खळखळून नव्हे, फुटक्या भोंग्यासारखा, पण आवाज! आवाज! मी पुन्हा कपाटात शिरलो.

आवाज: हसणं. दोनदा.

५ मार्च

मेहुणी. "बघितलंत? ताईंनी लिफ्टमध्ये अडकून तुमच्या संसाराचं संकट अंगावर घेतलं. परवाच्या सभेत त्यांनी स्वतः सांगितलं."

मी मेहुणीला विचारलं, अंगावर घेताना त्या काय काय बोलल्या तेही सांगितलं का? नाही म्हणे.

बायको तिच्या पाठीमागे बसून तोंडावर हात दाबत होती. मेहुणी गेल्यावर आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

११ मार्च

धीरबाईंची तक्रार कंपनीत पोचली. ती बरी वाटेत अडकली नाही! साहेबांनी बोलावून विचारलं, "प्रवाशांच्या हाकेला उत्तर का दिलं नाही?" मी म्हटलं, साहेब, त्यांना खाली आणत होतो. साहेब म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण उत्तर का दिलं नाही?"

घरी येताना मनात एक विचार आला. देवही वर एकटाच असेल का? चाक फिरवत? पण मी ही सूट त्याला देणार नाही. माझा जोडीदार सुट्टीवर होता. त्याचं काय? सगळं त्यानेच बनवलं म्हणतात ना, मग दारापाशी उभा राहून दोन शब्द बोलायला एखादा माणूसही बनवायचा.

४ एप्रिल

मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं. जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं. ते महिने आता होत आले. हसू आलं, "क" आला, चांगलंच आहे. पण वाक्यांची आशा फार धरू नका.

बाहेर आलो. तिने नजरेने विचारलं. मी म्हटलं, सगळं छान आहे म्हणाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

५ एप्रिल

बास! झालं! तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसला आहेस ना? मग मीही बसतो. आजपासून हात जोडणं बंद. तुझा-माझा संबंध संपला. प्रेम आहे म्हणे तुझं! असं कसलं प्रेम, हाक मारणाऱ्याचा घसा बसला तरी हूं नाही की चूं नाही?

६ एप्रिल

संप चालू.

७ एप्रिल

संप चालू. त्याला काही फरक पडलेला दिसत नाही.

९ एप्रिल

आज तिच्यापाशी बसलो आणि सांगण्यासारखं काही सुचेना. दातांचा डॉक्टर नको, धीरबाई नको. तिने कोपराने ढोसलं. मग एकदम तोंडातून निघून गेलं, "मला भीती वाटते गं." असलं मी कुणाला कधी बोललो नव्हतो. आईला नाही, जोडीदाराला नाही, तिला तर नाहीच. एकदा धरण फुटलं आणि मग थांबेना. डॉक्टर खरं काय म्हणाले ते सांगितलं. तुझं "अहो" कानावर पडलं नाही तर या घरात मी काय करू ते सांगितलं. भर दिवसा, खिडकी उघडी, समोरच्या घरातली माणसं बघतायत, आणि मी रडतोय. लाज गेली सगळी.

तिने माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं. डावा हात, उजवा हात, दोन्ही हात.

१० एप्रिल

सकाळी हात जोडले. संप मोडला. का ते विचारू नका. रागावून बघितलं, पण ज्याच्यावर रागवायचं तो आहे असं धरल्याशिवाय रागावताच येईना. मग म्हटलं, आहेस तर आहेस. मागणं मात्र तेच आहे.

२ मे

आवाज: "क" जाऊन "अ". दिवसभर "अ... अ...". मी कान टवकारून फिरतोय. मेहुणी म्हणते, अन्न मागत असेल.

१४ मे

सुटा भाग आला! लिफ्टमधला फोन चालू. आला तोही दुसऱ्याच मॉडेलचा, दोन तारा वाकड्या करून बसवला. संध्याकाळी बायकोला सांगत बसलो ते रात्र कधी झाली कळलं नाही.

२१ मे

बोलली!!

मी दातांच्या डॉक्टरचं सांगत होतो. मध्येच तिने माझं मनगट धरलं. "अहो." स्पष्ट! मी हललो नाही. तिचं तोंड कितीतरी वेळ हलत राहिलं आणि मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखा आला, "मी... मागितलं... होतं."

"देवाकडे?"

मान हलवली. हो.

"वाचा परत मिळावी म्हणून?"

नाही. हात वर केला आणि माझ्या ओठांवर बोट ठेवलं. "हे... बोलणं."

"कधी?"

"मुलगी... पाळण्यात... होती."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. ती वाट बघत राहिली. मग डोळे मोठे करून, अगदी पूर्वीसारखी खेकसली, "बोला!"