घासलेल्या बाटल्यांची वारस

मी, जुन्या काचेच्या बाटल्या जमवणारा आणि त्यांची किंमत ठरवणारा, उद्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाविना (तेवढी कोणाची छाती नाही) माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. हे आज झाले नाही तर अर्धे घर मुलाच्या घशात जाईल.

१. मुलाला काही नाही. त्याने गिऱ्हाइकादेखत माझ्या निळ्या बाटलीला नकली म्हटले. साच्याची शिवण थेट ओठापर्यंत गेली की बाटली यंत्रावरची, हे त्याला मीच शिकवले होते. बाटली नकलीच होती, पण तो मुद्दा नाही.

२. धाकट्या भावाला फुटक्या बाटल्यांचे खोके. सवयीप्रमाणे त्याने घाईघाईने आत हात घालावा.

३. शेजारच्या घड्याळजीलाही काही नाही. त्याची घड्याळे आणि तो, दोघेही कधी वेळेवर चालले नाहीत.

४. घर आणि सगळा संग्रह मुलीला. शाळकरी वयात, मी परगावी असताना, मला खूश करायला तिने जमिनीतून निघालेल्या बाटल्या वाळूने घासल्या. मातीत पडून काचेवर रंगीत पापुद्रा चढतो, किंमत त्याचीच असते. तो तिने मोरीत सोडला. वर म्हणते, "बाबा, बघा कशा चमकतायत!" पुढे तिला स्थळे आली, तेव्हा मी प्रत्येकाला सांगितले, हिचा हात लागला की वस्तूची किंमत जाते. केस पिकले तिचे. मला वाईट वाटत नाही.

अट अशी: तिने याच घरात राहावे, लग्न करू नये, आणि त्या बाटल्या रोज पुसाव्यात. अट मोडली किंवा तिचा वाटा रद्द झाला, तर सर्व काही बाटली-संग्राहक मंडळाला.

साक्षीदारांविषयी: ज्याला वाटा आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर वाटा रद्द होतो, असे वकिलांनी सर्वांदेखत बजावले. साक्षीदार दोन लागतात. नर्सबाई तयार झाल्या. घड्याळजी कलम तीन वाचून पेन ठेवून चालता झाला. दुसरे कोणी येईना. शेवटी मुलगी म्हणाली, "मी करते."

"वकील काय म्हणाले ते ऐकलंस ना? सही केलीस की घर गेलं."

"ऐकलं, बाबा. कुठं करू?"

स्थळ: रुग्णालय, खिडकीजवळची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार एक: वॉर्डातल्या नर्सबाई (सही)
साक्षीदार दोन: मुलगी (सही, ठळक. पेन माझ्या उशाशी ठेवून निघून गेली.)