निळ्या झाकणाची बाटली

५ मे २०१४

…बकरीला पाला टाकला, मग चूल पेटवली. की चूल आधी? आठ वर्षांत हा क्रम मी किती वेळा लावला असेल, पण बकरी आणि चूल यांची दर वेळी अदलाबदल होते. बाकी सगळं पक्कं आहे. अंगण झाडलं. अक्कूची वेणी घातली, ती शाळेत गेली. चार भाकरी, ठेचा, कांदा – फडक्यात बांधलं. प्यायचं पाणी भरलं. हे दारात उभे राहून चप्पल झटकत होते. "दे ना व लवकर. पाऊस यायच्या आत फवारून घेतो."

दिलं. गेले. संध्याकाळी लोकांनी बैलगाडीत घालून आणले, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला दवाखान्यात सगळं संपलं.

आज हे आठवायचं कारण अक्कू. काल अमरावतीहून आली. ग्राफिक डिझाइनचा कोर्स संपला. पुण्याच्या एका खोकी-बाटल्यांची डिझाइन करणाऱ्या कंपनीत पंधरा तारखेला मुलाखत आहे. आल्या आल्या म्हणाली, "आई, बाबांची ती सकाळ सांग ना. मला पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर लिहायची आहे."

"मला" म्हणाली! आठवड्याभरापासून "मले" सोडायची प्रॅक्टिस चालू आहे म्हणे.

"रोजच्यासारखीच होती," म्हटलं आणि शेणाची पाटी उचलून बाहेर गेले.

६ मे

पोर्टफोलिओ म्हणजे आपण केलेल्या कामाची जाड वही. मुलाखतीला तीच बघतात, मार्कशीट नाही. अक्कूच्या वहीत लग्नपत्रिका आहे, वरूडच्या संत्र्याच्या खोक्यावरचं चित्र आहे, एका दुकानाची पिशवी आहे. पण शेवटचं काम वहीत मावत नाही. ती एक बाटली आहे.

फवारणीच्या औषधाची. रिकामी, कोरी, अमरावतीच्या बाजारातून आणलेली. त्यावर तिनं स्वतः काढलेलं लेबल, अकोल्याला छापून आणलेलं. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं पिवळं फूल, इतकं जिवंत की हात लावावासा वाटतो. मोठी मोठी अक्षरं. हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याकडे पाठ – सगळं चित्रांत.

मला अंगणात उभं केलं, दहा पावलं लांब गेली. "वाच."

चष्म्याशिवाय सगळं वाचलं. तिनं उडी मारली. "सर म्हणाले होते, युजरकडून तपासून घे. युजर म्हणजे तू!"

"मंग युजरले चहा पाज," म्हटलं.

मी वाचायला शिकले ते हे गेल्यावर. अक्कूच्या सातवीच्या पुस्तकावर. ती गृहपाठ करायची, मी शेजारी बसून भाजी निवडत अक्षरं जोडायची. पुढे शाळेत खिचडी शिजवायला लागले, तेव्हा तिथल्या कपाटातली पुस्तकं एकेक करून घरी आणली. सगळी संपली. आज तीच पोरगी मला परीक्षेला बसवते – बरं वाटलं. फार बरं वाटलं.

फक्त बाटलीचं झाकण निळं आहे. तेवढं नसतं तर.

७ मे

ऊन. बकरीसुद्धा ओरडत नाही.

९ मे

अनीसा आली होती, ब्लाउज शिवून झाला म्हणून. आमच्या भिंतीला भिंत लागून राहते, मशीन चालवते. बाटली खिडकीत ठेवली होती. तिनं उचलली, फिरवून फिरवून बघितली.

"अवो आशाताई, काय सुरेख बाटली आहे! खाली झाली का मले देजो. तेलाले कामी येईन."

अक्कू हसायलाच लागली. "काकू, विषाची आहे ती!"

"मंग काय झालं? राखेनं दोनदा घासली का सफा होते. माह्या रॅकवर दोन आहेत तसल्या. पण त्या काळ्या-काळ्या, भंगार दिसतात. हे तं पाहुण्यासमोर ठेवाले चांगली!"

ती गेल्यावर अक्कू खूश. म्हणाली, "बघितलं? डिझाइन आवडतं म्हणजे काय, ते हे! लोकांना वस्तू जवळ ठेवावीशी वाटली पाहिजे, असं सर नेहमी सांगतात."

मी तांदूळ निवडत होते. खडा नव्हता तरी निवडत राहिले.

१० मे

सकाळी बोलून बघितलं. "अक्कू, ही बाटली लोक फेकणार नाहीत. घरात ठेवतील."

"आई, कोण ठेवतं गं आता? अनीसाकाकू मजा करून राहिल्या –" मग स्वतःच सुधारलं, "करत होत्या."

"ठेवतात."

"असेल एखादं. पण तो माझा विषय नाही. माझा विषय वाचण्याचा आहे." आणि पहिलं पान दाखवलं. तिथे लिहिलं आहे – औषधाच्या बाटलीवरची अक्षरं इतकी बारीक होती की माझ्या बाबांना ती वाचता आली नाहीत. म्हणून मी हे लेबल केलं.

हे तिला कोणी सांगितलं? मीच. बारा वर्षांची होती. बाबा काहून गेले, बाबा का गेले, रोज विचारायची. त्या वर्षी आमच्या भागात कोणी शेतकरी गेला की लोक एकच कारण धरून बसायचे – स्वतःच औषध प्यायला. शाळेत पोरं तिलाही तेच म्हणत. तसं काही नव्हतं. मग मी बारीक अक्षरांचं सांगितलं. खोटं नव्हतं ते. अक्षरं बारीकच होती.

त्या एका वाक्यावर पोरगी आठ वर्षं चालत आली. अमरावतीपर्यंत गेली. आता पुण्याला निघाली.

११ मे

आज सांगणार होते. तिनं मांडीवर डोकं ठेवलं, म्हणाली तेल लाव. लावलं. नाही सांगितलं.

१२ मे

कागदालाच आधी सांगते.

त्या सकाळी पाणी मी बाटलीत भरलं होतं. फवारणीच्या औषधाची बाटली. आदल्या हंगामातली, निळ्या झाकणाची. जाड होती, गळत नव्हती, झाकण घट्ट बसायचं. दिसायला छान होती म्हणून उचलून आणली. राखेनं दोनदा घासली. वास येतो का बघितलं – नाही आला. मातीचं मडकं वावरात नेताना दोनदा फुटलं होतं. त्यापेक्षा हे बरं, असं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, फवारणीचं विष अंगात गेलं. तोंडाला काही बांधलं नव्हतं का? नव्हतं. वारा होता का? होता. प्यायला पाणी कशातून नेलं होतं, हे कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. फवारणीनंच झालं असेल. असेलही. आता कोण सांगणार? मला दोन्ही खरं वाटतं. सकाळी एक, दुपारी दुसरं.

ती बाटली मी टाकली नाही. उकिरड्यावर टाकली तर कोणी उचलून नेईल, घासून वापरेल. धान्याच्या कोठीच्या मागे ठेवली आहे. दर दिवाळीला कोठी सरकवते, तिच्याभोवतीचं झाडते, कोठी परत लावते.

अक्कूनं तिथे पुण्याला ती सुंदर बाटली टेबलावर ठेवली आणि त्या लोकांनी खरंच तशी काढली तर? किती जणी घासतील!

पण सांगितलं तर तिचं पहिलं पान जाईल. आणि कदाचित आईही.

१३ मे

सांगितलं. सकाळी, चहा झाल्यावर. कोठी सरकवली, बाटली काढली, तिच्यासमोर ठेवली. "यात पाणी दिलं होतं मी. त्या दिवशी." एवढंच आलं तोंडातून.

तिनं बाटली उचलली, फिरवून बघितली. बाहेर बकरी ओरडली, दोघींपैकी कोणी उठलं नाही. मग अक्कूचा आवाज आला, अगदी लहानपणचा –

"तू नाही ना प्याली त्यातलं?"

आधी हेच विचारलं पोरीनं. आठ वर्षांनी.

"नाही. मी घरी होती. माह्यं पाणी माठात होतं."

ती उठली आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसली. अशी ती लहानपणी रागावली की बसायची. पण रागावली नव्हती. पाठ हलत होती. माझीही. मग म्हणाली, "आई, तुले कोणी सांगितलंच नव्हतं. बाटलीवर कुठं होतं, मले वापरू नका म्हणून?"

"बारीक अक्षरात असेल," म्हटलं.

यावर दोघींना रडता रडता हसू आलं. देवा.

दुपारी तिनं दाभण मागितलं, पोती शिवायचं. चुलीत तापवलं आणि जुन्या बाटलीच्या बुडाला टेकवलं. प्लास्टिक मऊ झालं, आरपार गेलं. मग आपली नवी बाटली घेतली. पिवळ्या फुलाच्या मधोमध! मीच ओरडले, "अव फूल!"

"फुलातूनच पाहिजे. म्हणजे पुन्हा कोणाले ठेवावीशी वाटणार नाही."

भोकाभोवती तिनं मार्करनं लाल गोल काढला. लिहिलं – औषध संपलं की इथे भोक पाडा. छापून आणायला वेळ नाही. हातानंच लिहिलं. पहिलं पान फाडलं नाही, त्याच्या खाली जागा होती. पेन धरून माझ्याकडे बघत बसली.

"लिही," म्हटलं. "माह्यं नाव घालून लिही."

१४ मे

मूर्तिजापूरला गाडीत बसवून आले. दोन्ही बाटल्या घेऊन गेली, पिशवी मांडीवर धरून. खिडकीतून ओरडली, "मले फोन करजो!" शेजारचा माणूस हसला. हसू दे.

१५ मे

आता ती तिथे बसली असेल.

मी सकाळी झाडलं, बकरीला पाला टाकला, चूल पेटवली. दाभण घेतलं आणि अनीसाकडे गेले. तिच्या रॅकवरच्या दोन्ही बाटल्या खाली काढल्या.

"अवो आशाताई, काहून?"

मी तिच्या मशीनजवळ बसले आणि काहून ते सांगितलं.