तुझं खातं

दादा,

आपल्या चष्म्याच्या दुकानातले सगळे कॉम्प्युटर कुणीतरी लांबूनच कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. तू रोज बॅकअपची डिस्क काढून घरच्या कपाटात ठेवायचास, तेव्हा मी हसायचे. तू भांडून निघून गेल्यापासून ती तिथेच होती, म्हणून वाचली. ती जोडली आणि दुकान थेट आपल्या भांडणाच्या दिवशी जाऊन उभं राहिलं. एवढ्या रागातही डिस्क काढायचं तुला कसं सुचलं रे?

दुरुस्तीला आलेली बाई म्हणाली, "सोडून गेलेल्यांची खाती बंद करा, चोर तिथूनच शिरतात." मग तुझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हे?"

मी म्हटलं, "रजेवर आहेत."

तुझा पत्ता नसलेली,
धाकटी