किलोला किलो, बाकी शून्य

सोमवार, ५
शिकवणीचे मास्तर यायचे बंद. मी एवढंच विचारलं होतं, मास्तर, पट्टा पोटाला धरून आहे की पोट पट्ट्याला? थट्टेचं एवढं काय मनावर घ्यायचं. सूनबाई म्हणाली, आई, शुक्रवारी पोरीची परीक्षा, विज्ञानाच्या तुकडीत जायचंय तिला. म्हटलं, मी शिकवते. सातवीपर्यंत गावच्या शाळेत पाढ्यांत माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

मंगळवार, दुपार
पुस्तक वाचलं. सोपं आहे. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. चार्ज सारखाच, एकाचा प्लस, एकाचा मायनस. प्रोटॉन जड, जागचा हलत नाही. आमचे हे असते तर लगेच ओळख पटली असती.

बुधवार
गणित आलं. एक किलो इलेक्ट्रॉन आणि एक किलो प्रोटॉन, मिळून चार्ज किती? कागद न घेता सांगितलं, शून्य. किलोला किलो, प्लसला मायनस. नात म्हणाली, आजी, इलेक्ट्रॉन हलका ना, मग किलोत जास्त मावतील की. म्हटलं, किलो तो किलो, मोठ्यांना शिकवू नये. तिनं आपलं उत्तर खोडलं. गुणी पोर.

शुक्रवार
परीक्षेत तेच गणित. शून्य लिहून आली. शेजारणीला मुद्दाम जाऊन सांगितलं.

सोमवार, १२. जेवणानंतर
तुकडीत नाव नाही. एका गणितानं गेली. किलोभर इलेक्ट्रॉन म्हणजे संख्येनं किलोभर प्रोटॉनच्या अठराशेपट, सगळा चार्ज मायनसच उरतो म्हणे. किलोभर मोहरी आणि किलोभर बटाटे, नग सारखे कसे असतील? जन्म गेला माझा मोहरी निवडण्यात.
मुलानं ताटावर विचारलं, शून्य कोणी सांगितलं? ती म्हणाली, मीच मनानं लिहिलं. फार बोलला तिला. मी भात मागून घेतला.
उद्या सांगणारच.

मंगळवार
मुलाचं डोकं दुखत होतं. अशा वेळी सांगू नये.

बुधवार
पाहुणे होते. शेजारीणच, पण बसली बराच वेळ.

गुरुवार
नात नेहमीसारखीच बोलते. वेणी घालून घेतली माझ्याकडून. अबोला धरला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, सकाळ
सांगितलं. मुलगा चपला घालत होता. म्हणाला, माहितीय आई. त्या दिवशी बोलत होतो तिला, बघत होतो तुझ्याकडे.
मी भाताकडे बघत होते.